तालमीला कधीच उशीर होत नाही, मग प्रोजेक्टलाच का होतो?

तिसरी_घंटा

आधीच सांगते, पोस्ट लांब होणारे. आणि हो, ही पोस्ट लिहिणं ही सुद्धा चालढकलच आहे, कारण आत्ता मला खरं तर इतिहासाचं प्रोजेक्ट लिहायचंय, तेव्हा तो विनोद कोणी करू नका, मी स्वतःच करून घेतलाय.

अकरावीत आहे. शाळा, मग आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी नाटकाची तालीम, तीन दिवस सकाळी बॅडमिंटन, आणि वरून शाळेच्या मासिकाच्या संपादक मंडळात पण आहे (तिथे "तुझं लिखाण चांगलंय" म्हणून ओढलं आणि मला नाही म्हणता आलं नाही, ती वेगळीच स्टोरी). सध्या डोक्यावर काय काय आहे तर फिजिक्सचं जर्नल, त्यात सहा प्रयोग लिहायचे राहिलेत, इतिहासाचं प्रोजेक्ट औद्योगिक क्रांतीवर २००० शब्दांचं, ते १८ दिवसांत द्यायचंय, गणिताची चाचणी, मासिकासाठी आलेले चार लेख तपासायचेत, आणि नाटकाचा प्रयोग पाच आठवड्यांवर आलाय.

काल काय झालं ते सांगते म्हणजे कळेल. ७ वाजता बसले, ठरवून. लॅपटॉप उघडला, फाइलला नाव दिलं "इतिहास प्रोजेक्ट फायनल". आत एक शब्द नाही आणि नाव फायनल. मग म्हटलं मुखपृष्ठ करून टाकू, तेवढंच सोपं, तर शीर्षकाचा फॉन्ट चार वेळा बदलला, नावाखाली रेघ द्यायची का नको यात दहा मिनिटं गेली, मग वाटलं टेबलावर इतका पसारा असताना डोकं कसं चालणार, म्हणून ड्रॉवर काढला, त्यात जुनी अकरा पेनं निघाली, प्रत्येक पेन चालतंय का ते कागदावर गिरवून बघितलं. तीन चालली. घड्याळात बघते तर ८:४०. मग "आता काय, जेवून बसू", जेवल्यावर "आता काय, सकाळी लवकर उठू", आणि सकाळी अर्थातच बॅडमिंटन.

आणि सगळ्यात विचित्र काय माहितीये का, तालमीला मी कधी म्हणजे कधीच उशिरा जात नाही. दोन प्रवेश दोन दिवसांत पाठ केलेत. दुसऱ्याचे संवाद पण पाठ आहेत माझे. मग मला आळशी तरी कसं म्हणायचं? आई म्हणते नाटक सोड. बाबा म्हणतात मोबाईल सोड. पण काल तर मोबाईल चार्जिंगला होता दुसऱ्या खोलीत, मी पेनं गिरवत होते!

तर प्रश्न असा की हे नक्की काय आहे आणि कोणी यातून बाहेर आलंय का. टाइमटेबल कर असं कृपया सांगू नका, माझ्याकडे तीन टाइमटेबलं आहेत, एक तर रंगीत आहे.

मागचा_बाक

अकरातली तीन पेनं चालली म्हणजे २७ टक्के निकाल, माझ्या गेल्या चाचणीपेक्षा बरा आहे.

सिरियसली, मी पण इथेच अडकलोय. फक्त माझ्याकडे नाटक पण नाहीये कारण सांगायला. वाचत बसतो.

खडूफळा

१४ वर्षं शिकवतेय, अकरावी-बारावीच जास्त. तुझी पोस्ट वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण अशी मुलं दर वर्षी वर्गात चार-पाच तरी असतात आणि आम्ही शिक्षक त्यांना "हुशार आहे पण मन लावत नाही" एवढंच लिहून मोकळे होतो.

एक गोष्ट बघ. तुझ्या यादीत "इतिहासाचं प्रोजेक्ट" असं लिहिलंय. ते काम नाहीच मुळी, ते कामांचं गाठोडं आहे. त्यात विषयाचा कुठला तुकडा घ्यायचा ते ठरवणं आहे, दोन-तीन ठिकाणी वाचणं आहे, टिपणं आहेत, मांडणी आहे, कच्चं लिखाण, पक्कं लिखाण, चित्रं, संदर्भ, प्रिंट, असं आठ-नऊ वेगवेगळं काम आहे आणि तू ७ वाजता त्या अख्ख्या गाठोड्यासमोर बसलीस. त्यातलं तुला कसं करायचं ते लगेच कळलं असं एकच होतं, मुखपृष्ठ. म्हणून हात तिकडे गेला. यात आळस नाही, हात नेहमी सोप्या आणि स्पष्ट गोष्टीकडेच जातो, माझा पण जातो, उत्तरपत्रिका तपासायच्या असल्या की मी आधी गठ्ठ्याच्या कडा जुळवत बसते.

दुसरं, अंदाज. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की आपण आपल्या कामाला लागणारा वेळ सतत कमी धरतो, आधीचे अनुभव डोळ्यासमोर असले तरी. मग १९९४ मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. सगळं अगदी बोंबललं तर? साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे "सगळं बोंबललं तर" असं धरून केलेला अंदाजसुद्धा जवळजवळ आठवडाभराने कमीच पडला! मी हे दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी मुलं म्हणतात, हो पण आमचं तसं होणार नाही.

म्हणून "किती वेळ लागेल" असं स्वतःला विचारू नकोस, "मागच्या वेळी किती लागला होता" ते विचार. मागचं प्रोजेक्ट खरंच किती तासांत झालं होतं ते आठव आणि तोच आकडा धर.

जर्नलचं एक छोटं सांगते. सगळी मुलं राहिलेले प्रयोग जुन्यापासून लिहायला घेतात, ते उलटं कर. सगळ्यात अलीकडचा प्रयोग आधी, कारण त्याची वाचनं आणि काय चुकलं होतं ते अजून आठवतंय, तो पाऊण तासात होईल. जुना आज लिही नाहीतर चार दिवसांनी, आता तो जेवढा विसरायचा तेवढा विसरून झालाय.

आणि शेवटचं म्हणजे शिक्षकांना अर्धंमुर्धं दाखवायला घाबरू नका रे. अर्धं पान घेऊन "मॅडम हे बरोबर चाललंय का" विचारणाऱ्याला मी आजवर कधी ओरडलेले नाही. शेवटच्या दिवशी "मॅडम प्रिंटर बिघडला" म्हणणाऱ्यांची मात्र मोजदाद सोडून दिलीये.

विंगेतून

तिसरी_घंटा, नाव बघूनच आले मी इकडे. शाळेत असताना तीन वर्षं नाटक केलं, आता मानसशास्त्र शिकतेय, म्हणून दोन्हीकडून बोलते.

अगं तुझं उत्तर तू स्वतःच लिहिलंयस, फक्त प्रश्न म्हणून. तालमीला उशीर होत नाही. का होत नाही? आवड आहे म्हणून असं सगळे म्हणतील. पण तू प्रत्येक तालमीला आनंदाने उड्या मारत जातेस का? डोकं दुखतंय, पाऊस आहे, दिग्दर्शक काल ओरडलाय, तरी जातेसच ना. कारण तालमीला वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, तू नाही गेलीस तर समोरचा कोणाशी बोलणार हा प्रश्न असतो, आणि गेल्यावर पहिलं काय करायचं ते विचारावं लागत नाही, गोल करून उभं राहायचं आणि आवाजाचे व्यायाम सुरू. तुझा मूड आहे का हे कोणी विचारतच नाही. आता प्रोजेक्ट घे. वेळ "संध्याकाळी बसू", जागा कुठेही, वाट बघणारं कोणी नाही, आणि पहिलं काय करायचं ते माहीत नाही. मग ते होणार कसं!

अजून एक. पहिल्या वाचनाला आपण काय करतो? संहिता हातात, अडखळत वाचतो, चुकीच्या जागी थांबतो, कोणाला काही वाटत नाही कारण ते वाचनच आहे. मग उभ्या तालमी, मग हालचाली बसवायच्या, रंगीत तालीम कुठे शेवटच्या आठवड्यात. पण प्रोजेक्टला तू बसतेस ती डायरेक्ट प्रयोग करायला बसतेस. पहिलं वाक्यच टाळीचं पाहिजे. काल तर तू संहिता हातात नसताना नेपथ्य लावत होतीस, मुखपृष्ठ म्हणजे दुसरं काय.

तर माझं म्हणणं एवढंच की प्रोजेक्टची तालीम लाव. पहिला दिवस वाचनाचा, म्हणजे मुद्दाम वाईट लिहायचं, ठरवून वाईट, अर्धी वाक्यं, "इथे काहीतरी कोळशाबद्दल" असं सुद्धा चालेल. फाइलचं नाव बदल आधी, "वाचन १" ठेव. फायनल बघूनच धडकी भरते.

वेळेबद्दल, "रोज ७ ला" असं घड्याळावर बांधू नकोस, तुझे दिवस सारखे नाहीयेत. एखाद्या घडणाऱ्या गोष्टीवर बांध. पीटर गोल्वित्झर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९९ च्या एका लेखात हे नीट मांडलंय, नुसतं "मी हे करणार" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक जागी तमुक करणार" असं ठरवलं तर काम पार पडायची शक्यता बरीच वाढते. म्हणजे "तालमीवरून आले, बॅग ठेवली, पाणी प्यायले, की खुर्चीत बसून जर्नलचं पान उघडणार". इतकं बारीक. हास्यास्पद वाटतं पण "जरा टेकते" ला जागाच उरत नाही.

आणि उठताना पुढचं काय ते लिहून उठ. आमचे दिग्दर्शक जाताना म्हणायचे, उद्या दुसऱ्या प्रवेशात तू दारातून येतेस तिथून. दुसऱ्या दिवशी कोणाला विचार करायलाच लागायचा नाही. तसं फाइलच्या तळाशी एक ओळ, "उद्या इथून".

शेवटची_रात्र

सगळे इतकं सिरियस का होताय. माझं बेस्ट काम आदल्या रात्रीच होतं, प्रेशर आलं की डोकं पळायला लागतं, आधी कितीही बसलं तरी नुसतं पान बघणं होतं. काही जणांचा स्वभावच तसा असतो. मार्कही ठीक पडतात.

विंगेतून

@शेवटची_रात्र तुझं अर्धं खरं आहे, आणि गंमत म्हणजे अभ्यासातही ते अर्धं खरंच निघालंय. डायॅन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेलं काम आहे. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारी मुलं बाकीच्यांपेक्षा निवांत होती, ताण कमी, तब्येतीच्या तक्रारी पण कमी. मजेत एकदम. पण सत्र संपताना उलटं झालं, ताण आणि आजारपण दोन्ही त्यांचंच जास्त, एकूण बेरीज केली तरी त्यांचंच जास्त, आणि गुण कमी. म्हणजे शेवटच्या रात्री डोकं पळतं हे मान्य, पण ते जे लिहितं ते दुसऱ्या दिवशी वाचून बघायला तू कधी थांबलायस का? वेळच नसतो ना. म्हणून ते बेस्ट वाटतं.

शिवाय तुला एकच काम असेल तर एक रात्र पुरेल. तिसरी_घंटाकडे पाच कामं आहेत, रात्र मात्र एकच.

शेवटची_रात्र

ओके, वाचून बघायचा पॉइंट लागला जरा. विचार करतो. (उद्या.)

शिट्टी

मी शाळेच्या मुलांना खेळ शिकवतो, बॅडमिंटन नाही पण सकाळी मैदानावर येणारी पोरं तुझ्यासारखीच, एका हातात रॅकेट आणि दुसऱ्या हातात न लिहिलेली वही.

वरचं सगळं पटलं, पण मला दुसरीच शंका येतेय. कधीकधी चालढकल वाटते ती चालढकल नसतेच, माणसाने घेतलेलंच जास्त असतं. म्हणून आधी हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. तुझ्या वयाला ८ ते १० तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात, आपण कमीत कमी धरू, ८ म्हणजे ५६ तास. शाळा आणि येणंजाणं ४२ धरतो. तालीम १०, बॅडमिंटन ६, मासिक ४. जेवण, अंघोळ, आवराआवर रोजचे अडीच तास म्हणजे साडेसतरा. बेरीज साडे एकशे पस्तीस. उरले साडेबत्तीस तास. ऐकायला भरपूर वाटतात ना? आता एक काम कर, हे साडेबत्तीस तास नेमके कुठे पडलेत ते कागदावर मांड. माझ्या पोरांना मी हे करायला लावतो तेव्हा निघतं असं की त्यातले निम्मे तरी वीस-वीस मिनिटांचे चुरे असतात, शाळा सुटणं आणि तालीम यांच्यामधले, जेवायच्या आधीचे. चुऱ्यात निबंध लिहून होत नाही. जर्नलची आकृती होते, मासिकाचा एक लेख वाचून होतो. म्हणजे कुठलं काम कुठल्या वेळेत बसतं ते जुळवायला पाहिजे, आणि सलग दोन तासाच्या ज्या दोन-तीन जागा आठवड्यात सापडतील त्या फक्त प्रोजेक्टला ठेवायच्या, तिथे दुसरं काही येऊ द्यायचं नाही.

आणि प्रयोग जवळ आला की तालीम दहाची वीस तास होणार, हे तुला पण माहितीये. तो खड्डा आत्ताच दिसतोय. तेव्हा काहीतरी सोडावं लागेल. नाटक सोड असं मी म्हणत नाही, त्याने तुझा बाकीचा आठवडा उभा राहिलाय असं मला वाटतं. पण "नाही म्हणता आलं नाही" म्हणून जे घेतलं ते काय ते तूच पोस्टच्या सुरुवातीला लिहिलंयस. ते कमी कर. आणि आत्ता सांग, शेवटच्या आठवड्यात नको. मला एखादा मुलगा तीन आठवडे आधी "सर मला जमणार नाही" म्हणाला तर मी दुसरा बघतो, राग येत नाही. सामन्याच्या सकाळी म्हणाला तर काय येतं ते इथे लिहित नाही.

एका_मुलीची_आई

मी सहज वाचत आले. माझी मुलगी पण याच वयाची, तिचंही गाणं, खेळ, अभ्यास. मी दर अर्ध्या तासाने "झालं का, झालं का" करत फिरते आणि घरात वातावरण तापतं. तुझी पोस्ट वाचून पहिल्यांदा वाटलं की ती टेबलाशी बसून काही करत नाही म्हणजे मजा करतेय असं नाहीये. आम्ही आयांनी काय करावं ते पण सांगा कोणीतरी, नुसतं गप्प बसवत नाही.

तिसरी_घंटा

काकू, "झालं का" ला उत्तर एकच असतं, "नाही", आणि ते दर अर्ध्या तासाने दिलं की सहाव्यांदा रडू येतं. त्यापेक्षा "कुठपर्यंत आलंय" विचारा ना, त्यावर काहीतरी सांगता तरी येतं. किंवा नुसतं शेजारी येऊन तुमचं काहीतरी करत बसा. माझी आई हे करते तेव्हा मी खरंच लिहिते, का ते माहीत नाही.

खडूफळा मॅडम, आठवून बघितलं. मागच्या प्रोजेक्टला मी ४ तास धरले होते. ११ लागले. त्यातले शेवटचे ६ एका रात्रीत. हा आकडा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

विंगेतून ताई, "संहिता हातात नसताना नेपथ्य" हे वाक्य वहीवर लिहिलंय. पण एक विचारायचंय, सगळे ते २५ मिनिटं अभ्यास ५ मिनिटं ब्रेकवालं सांगतात, ते करू का?

शिट्टी सर, मासिकाच्या सरांना सांगायची भीती वाटते. सर चांगले आहेत म्हणूनच जास्त.

विंगेतून

पोमोडोरो म्हणतात त्याला. फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वतःसाठीच काढलं होतं, त्याचं अभ्यासात लक्ष लागत नव्हतं म्हणून, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर लावून. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. करून बघ, पण माझं स्पष्ट मत, जर्नल उतरवणं, शब्दार्थ, पाठांतर अशा कामाला झकास, आणि गणित नाहीतर लिखाणाला कधीकधी घात, आत्ता कुठे गाडी रुळावर येते आणि टायमर वाजतो. तेव्हा वाजला तर बंद कर आणि लिहित राहा, टायमर काही परीक्षक नाही.

खडूफळा

सरांना सांगायची भीती वाटते तर बोलण्याआधी चिठ्ठीवर दोन वाक्यं लिहून ने. एक, काय जमणार नाही. दोन, काय नक्की करून देते. दुसरं वाक्य असलं की पहिलं ऐकणाऱ्याला जड जात नाही. आणि कारणांची मालिका नको, आम्हाला ती पाठ असते.

तिसरी_घंटा (१७ दिवसांनी)

परत आले. उशीर झाला सांगायला, त्यावर काही बोलू नका.

पहिले पाच दिवस एकदम भारी गेले. "बॅग ठेवली की जर्नल" हे खरंच चाललं, पाणी प्यायचं राहिलं एक-दोनदा पण जर्नल उघडलं. अलीकडचे दोन प्रयोग तासाभरात उरकले. चुऱ्यांचा कागद केला, त्यात कळलं की शाळा आणि तालमीच्या मधली ३५ मिनिटं मी रोज कट्ट्यावर बसून "किती अभ्यास राहिलाय" यावर चर्चा करण्यात घालवते. तिथे आता आकृत्या काढते. मैत्रिणी हसतात, एक जण पण काढायला लागलीये.

मग सहाव्या दिवशी सर्दी-ताप, दोन दिवस शाळा बुडाली, आणि बरी झाल्यावर अजून दोन दिवस मी काहीच केलं नाही, नुसती अपराधी चेहऱ्याने फिरले. म्हणजे आजाराचे दोन गेले ते ठीक, पण नंतरचे दोन हे "आता सगळं मोडलंच आहे तर" यात गेले. इथे विंगेतून ताईंना मेसेज केला होता, त्यांनी एकच सांगितलं, २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झालाय, पहिल्या परीक्षेला चालढकल केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. मला वाटलं उलट असेल, स्वतःला झोडपलं तरच सुधारतो ना माणूस. तर नाही म्हणे, झोडपलं की त्या कामाचीच आठवण नकोशी होते आणि आपण अजून लांब पळतो. माफी वगैरे मला नीट जमली नाही, पण फाइलच्या तळाशी "उद्या इथून" लिहिलेलं होतं, "न्यूकोमेन कोण ते बघ", तिथून सुरू केलं.

त्याची पण गंमत आहे. "वाचन १" मध्ये मी ठरवून वाईट लिहिलं होतं, पहिलंच वाक्य "वाफेचं इंजिन जेम्स वॉटने शोधलं". नंतर वाचताना कळलं की हे चूकच आहे, थॉमस न्यूकोमेनचं इंजिन १७१२ मध्येच खाणीतलं पाणी उपसत होतं, वॉटने त्यात मोठी सुधारणा केली आणि त्याचं पेटंट १७६९ चं. आता हे आदल्या रात्री लिहिलं असतं तर ते वाक्य तसंच गेलं असतं, छान फॉन्टमध्ये. उलट आता माझं अख्खं प्रोजेक्ट त्यावरच उभं राहिलंय, की एक इंजिन नीट चालायला इतकी वर्षं का लागली. मॅडमना अर्धं पान दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाल्या पुढे लिही. एवढंच. मी उगाच तीन दिवस घाबरले होते.

दिलं मुदतीच्या आदल्या दिवशी. तास मोजले, १३. धरले होते ११. (मॅडम, हसू नका.)

मासिकाच्या सरांकडे चिठ्ठी घेऊन गेले. चारातला एक लेख तपासते, बाकीचे तीन नाही जमणार. सर म्हणाले, बरं झालं आत्ताच सांगितलंस, आणि चहा प्यायला लागले. मी दारात उभी होते अजून काहीतरी म्हणतील म्हणून. काही म्हणालेच नाहीत!

न जमलेलं पण सांगते. पोमोडोरो दोन दिवस टिकलं. गणिताची चाचणी यथातथाच गेली, तिला सलग वेळ दिलाच नाही मी, सगळे दोन-दोन तास प्रोजेक्टने खाल्ले. जर्नलचे दोन प्रयोग अजून राहिलेत, अर्थातच सगळ्यात जुने. तालीम आता रोज आहे, आई अजून अधूनमधून नाटकावर येते पण "कुठपर्यंत आलंय" विचारायला लागलीये (तिने ही पोस्ट वाचली का काय अशी शंका आहे).

आत्ता ७:१० झालेत. सिंपल पेंड्युलमचा प्रयोग उघडलाय, वाचनं उतरवून झाली, आलेख काढायचा बाकी आहे. ड्रॉवर बंद आहे. जाते.

मागचा_बाक

त्या तीन पेनांपैकी कुठलं वापरतेयस?

तिसरी_घंटा

निळं. उद्या सांगते बाकीचं.